कलमीडांग्याचे सुटलेले वाफे

कलमीडांगा
७ भाद्र

श्रीचरणेषु जामाईबाबू,

साष्टांग नमस्कार. दीदीच्या गुडघ्यांना आराम असेल आणि तुमच्या जिभेला नसेल, असे गृहीत धरून लिहितो. फोनचा टॉवर कमरेपर्यंत पाण्यात उभा आहे आणि कुणाशीच बोलत नाही, म्हणून हे पत्र नावाडी कांगालीबरोबर पाठवत आहे.

विषय गंभीर आहे. तुम्ही होड्या बांधणारे लोक हातात लाकूड तासायची वाकस धरूनच पत्रे वाचता. ती वाकस आधी खाली ठेवा. आमच्या गावचे वाफे हरवले आहेत. एखाददुसरा नव्हे, सगळे.

गेली काही वर्षे ऋतूंनी शिस्त सोडली आहे, हे तुम्ही पाहताच. आषाढाचे पाणी ज्येष्ठात येते. भाद्रात जायचे ते सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे कार्तिकापर्यंत बसून राहते (हे सामान्य विधान आहे, मनाला लावून घेऊ नये). चैत्रात समुद्राचे खारे पाणी विहिरीच्या काठाशी येऊन उभे राहते. म्हणून गावाने पूर-सज्जता समिती नेमली आणि अध्यक्ष मला केले. शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस ह्या कामाला कशाला, असे मीही विचारले. गावचे पुढारी मातब्बर म्हणाले, "पंडितमशाय, पुरात ज्याचा कुणालाच उपयोग नसतो त्याला निदान खुर्चीवर बसवावा. वाटेत येत नाही."

समितीने ठरवले की जमीन बुडाली तरी अन्न बुडता कामा नये. पोहे, मुरमुरे आणि खजुराचा गूळ शाळेच्या माळ्यावर चढवला. भाताची रोपे जमिनीवर पेरलीच नाहीत. जलपर्णी तुडवून तुडवून तरंगते वाफे केले, वर चिखल थापला, त्यावर पेरणी. पाणी चढेल तसे वाफे चढतील, उतरले की लावणी करू. साऱ्या गावाची रोपे त्या वाफ्यांवर होती. कडेने भोपळे, दुधी आणि भेंडी.

परवा वादळाची सूचना आली. मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले, "प्रत्येकाने आपला वाफा एखाद्या स्थिर आधाराला घट्ट बांधावा." ह्या वाक्यात मला आजही दोष सापडत नाही.

मी माझा वाफा मातब्बरांच्या वाफ्याला बांधला, कारण गावात त्यांच्याइतका स्थिर माणूस नाही. तीन निवडणुकांत त्यांनी बूड हलवलेले नाही. मातब्बरांनी आपला वाफा दूधवाल्या हरेनच्या वाफ्याला बांधला, कारण हरेन तब्येतीने भारी. हरेनने पुढच्याच्या, पुढच्याने त्याच्या पुढच्याच्या, असे करत करत शेवटच्याने माझ्या वाफ्याला बांधला. का, तर मी समितीचा अध्यक्ष. न्यायशास्त्रात ह्या दोषाला चक्रक म्हणतात. पहिल्याला आधार दुसऱ्याचा, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याला पुन्हा पहिल्याचाच. शास्त्रार्थात हा दोष दाखवला की प्रतिपक्षी हरतो. आमच्याकडे वाफे गेले. पहाटे पाहतो तो बिल, म्हणजे गावामागचे पाणथळ, मोकळे. सगळे एकमेकांचे हात धरून, फुगडी घालत नदीला लागले होते. आमच्या सौ. बिभाची एकशिंगी शेळीही गेली. कोरडी जागा म्हणून तिला माझ्या वाफ्यावर ठेवली होती.

स्पष्टच लिहितो. गावात एकानेही आपला वाफा कशालाही बांधला नव्हता. बांधल्याचे समाधान तेवढे होते.

ती रोपे मिळाली नाहीत तर पाणी उतरल्यावर आमच्याकडे चिखल असेल, बैल असतील, मी असेन, आणि लावायला काही नसेल. अघ्राणात, म्हणजे मार्गशीर्षात, नवान्नाच्या सणाला काय शिजवायचे, समितीचे इतिवृत्त?

तुमचा घाट आमच्या खालच्या वळणावर आहे. काळीगंगेत जे वाहते ते तिथे थबकते. काही दिसले का?

आपला
निशिकांत


सोनाकाठी
१० भाद्र

शालाबाबू,

पत्र मिळालं. माझा चष्मा नदीत पडलाय, म्हणून मी बोलतोय आणि तुझी दीदी लिहितेय. (तोंडातून पडतंय तसं लिहितेय. – कनक)

वाफे म्हणालास. इथे कुठले वाफे? वादळानंतर मी स्वतः घाटावर गेलो होतो. पाणी होतं. पाण्यावर काही नव्हतं. जे होतं ते वाफ्यासारखं नव्हतं. असलं तरी गोल होतं, आणि तुमचे वाफे लांबट असतात हे सगळ्या जगाला माहीत आहे.

आमची काळजी करू नकोस. खाण्यापिण्याची आबाळ नाही. सकाळी भोपळ्याची भाजी, दुपारी भोपळ्याचं आंबट, रात्री भोपळ्याचा पाला. काल तुझ्या दीदीने भोपळ्याची खीर केली. गावातली बदकं भोपळा दिसला की मान फिरवून पाण्यात उतरतात. यंदा भोपळा बरा आला आहे, एवढंच. कुठून आला ते विचारण्यात अर्थ नाही. भोपळा भोपळ्यातूनच येतो.

बाकी नवीन म्हणजे एक शेळी घेतली. बाजारातून. कुठला बाजार ते लक्षात नाही. शिंग एकच आहे, पण दुसरं येईल असं विकणाऱ्याने सांगितलंय. स्वभावाने जरा चमत्कारिक आहे. सकाळी तुळशीला पाणी घालताना मी दोन ओळी मंत्र म्हटला, तर अंगणाच्या टोकावरून धावत आली आणि माझ्यासमोर तोंड उघडून उभी राहिली. मंत्र संपवला तर पायावर पाय दिला. पुन्हा म्हटला तेव्हा कुठे सोडलं. आता तुळशीला पाणी मुक्यानेच घालतो.

तुझ्या रोपांचं ऐकून वाईट वाटलं. माणसाने सावध असावं.

रसमय बेपारी

भोंबल (पंडित तू गावाला, मला भोंबलच), कांगालीबरोबर एक दुधी पाठवतेय. चिरण्याआधी नीट बघ. – दीदी


कलमीडांगा
१३ भाद्र

श्रीचरणेषु जामाईबाबू,

दुधी पाहिला. त्याच्या पोटावर ठळक अक्षरांत 'कलमीडांगा समिती' असे लिहिलेले आहे. हा दुधी बोटाएवढा असताना मीच ते नखाने कोरले होते; तो वाढला तशी अक्षरेही वाढली. चष्मा बुडाल्यापासून तुमच्या घरात वाचता येणारी व्यक्ती एकच आहे आणि तिनेच तो पाठवला, यावरून तिचे मत मला कळले.

शेळीचे रहस्यही सांगतो. मी रोज सकाळी स्तोत्र म्हणत तिला भाताची पेज घालतो. तिच्या दृष्टीने संस्कृत म्हणजे जेवणाची घंटा. देवभाषेला धावून येणारी शेळी ह्या मुलखात दुसरी नाही. माझे विद्यार्थीसुद्धा उलट दिशेला धावतात.

तेव्हा धूर दिसला, अग्नी सिद्ध झाला. आता कायद्याचे बोलू. नदीकाठचा कायदा तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे. वाहून आले ते घाटाचे. पण ज्यावर माणसाच्या हातची गाठ असेल ते त्या माणसाचे, मग ते समुद्रापर्यंत का जाईना. सुटी होडी घाटाची, दोर लोंबणारी होडी मालकाची. आमच्या प्रत्येक वाफ्यावर गाठ होती. एक नव्हे, दोन दोन होत्या. एक पुढच्याची, एक मागच्याची. भोपळे तुम्ही खाल्ले ते पोटात घालतो. रोपे परत करा.

इथे माझी स्थिती बरी नाही. काल घाटावर सगळ्या बायका भांडी घासत होत्या. मी चक्रक दोष समजावून सांगत होतो. बिभाने हातातली कढई खाली ठेवली.

"हे तुमचं शास्त्र, त्यात दोष सापडला की पुढे काय करतात?"

"मान्य करतात."

"मग करा मान्य, आणि रोपं घेऊन या."

"अगं, दोष माझा एकट्याचा नाही. शृंखलेतल्या प्रत्येकाचा आहे."

"बरं," हरेनची आई म्हणाली, "मग उपाशीही शृंखलेनेच राहू. सुरुवात अध्यक्षांपासून."

कालपासून मला माळ्यावरचे पोहे मिळत आहेत, कोरडे. गूळ राखीव आहे असे कळले. राखीव कुणासाठी, ते समितीलाही सांगितले जात नाही.

आपला
निशिकांत


सोनाकाठी
१७ भाद्र

शालाबाबू,

ठीक आहे. काहीतरी आलं होतं.

वादळाच्या सकाळी ते वळणावर गरगरत होतं. मधोमध तुझी शेळी उभी, तोंड पूर्वेला, देवीच्या मूर्तीसारखी. आमच्या गावच्या एका म्हातारीने शंख वाजवला. मग ते घाटाला लागलं आणि लोकांनी बघितलं की भोपळेही आहेत. भक्ती तिथेच संपली.

तू कायदा काढलास म्हणून मी तुझी पत्रं होड्यांच्या शेडमध्ये सगळ्या गावासमोर वाचायला लावली. (मीच वाचली. – कनक) गाठींचं वाचलं तेव्हा म्हातारा अश्विनी म्हणाला, "गाठ असेल तर द्यावं लागेल, रसमय. गाठीचा शाप वाईट." मी म्हटलं, "काका, थांबा. पहिलं पत्र पुन्हा वाचा." आणि तुझ्या दीदीने तुझेच शब्द वाचले: 'गावात एकानेही आपला वाफा कशालाही बांधला नव्हता.'

आता बोल. दुकानातल्या दोराच्या वेटोळ्यालाही गाठ असते. म्हणून तो दोर बांधलेला झाला का? अश्विनीकाका म्हणाला, "पंडिताने स्वतः लिहून दिलंय म्हणजे प्रश्न मिटला. पंडित खोटं लिहीत नसतो." तुझ्याबद्दल आमच्याकडे हा आदर आहे, तो घालवू नकोस.

आणि रोपं आता वाफ्यांवर नाहीतच. आमच्या वरच्या शेतात लावून झाली. आषाढात खाऱ्या पाण्याने आमचीही रोपवाटिका जाळली होती, ते तू विसरलास. मी नुसतं म्हटलं की कलमीडांग्याची माणसं यायच्या आत उरकायला हवं, तर सगळं गाव चिखलात. जी माणसं बंधारा दुरुस्तीला बोलावली तर पाठदुखी सांगतात, ती वाकून वाकून लावत होती. अश्विनीकाकासुद्धा उतरला, त्याला बाहेर काढायला मग चौघे लागले.

शेळी परत देतो. ती आम्हाला नको. काल नवी होडी पाण्यात सोडण्याची पूजा होती. पुरोहिताने तोंड उघडलं आणि शेळीनेही उघडलं. पुरोहित थांबला, शेळीने त्याचं उपरणं ओढलं. त्याने उरलेली पूजा होडीत बसून नदीच्या मध्यावरून केली.

रसमय

भोंबल, कोरडे पोहे चावून खा. – दीदी


कलमीडांगा
२० भाद्र

श्रीचरणेषु जामाईबाबू,

माझे वाक्य माझ्यावर उलटवलेत. वकिलाचा धंदा सोडून होड्या का बांधता?

तरीही ऐका. जे स्वतःखेरीज कशालाही बांधलेले नाही, ते सुटे नव्हे. ते परम बद्ध होय. आकाश कशाला बांधले आहे? पृथ्वी कुठल्या खुंटाला? म्हणून काय ती ज्याच्या घाटाला लागेल त्याची? हा युक्तिवाद मी काल पारावर सविस्तर मांडला. मातब्बर म्हणाले, "म्हणजे वाफे बांधलेले होते असं तुमचं म्हणणं?" मी म्हटले, अर्थात. ते म्हणाले, "मग परवा तुम्ही आम्हाला तासभर का झापत होतात, बांधले नाहीत म्हणून?" जामाईबाबू, मी अशा जागी उभा आहे की इकडे बोललो तर तिकडे बुडतो. खुर्चीवरून उतरावे म्हटले तर खाली पाणी आहे.

थट्टा पुरे झाली. पाणी बोटाबोटाने उतरू लागले आहे. हरेन रोज सकाळी बांधावर जाऊन काठी रोवून पाण्याची खोली बघतो आणि ती उचलून परत येतो. त्याच्या सुनेने माहेरी निरोप पाठवला की नवान्नाला येऊ नका. तिने तो मला ऐकू जाईल अशा बेताने नाही सांगितला. पण ऐकू आला. तुम्ही रोपे लावून टाकलीत, म्हणजे ती गेली. लावलेले रोप कुणी उपटून देत नाही. हाट फिरून आलो, कुठे रोप नाही. सगळीकडचे एकाच पाण्याने नेले.

तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. दीदीकडून तर नव्हतीच.

निशिकांत


सोनाकाठी
२२ भाद्र

भोंबल,

हे पत्र माझं. तुझे जामाईबाबू नदीवर आहेत.

एवढी पुस्तकं वाचलीस आणि शेतातलं विसरलास. वाफे आले तेव्हा रोपांची टोकं पिवळी पडली होती. तुझ्याकडे पाणी गळ्याशी, लावणीला अजून महिना. तोवर ती वाफ्यावर म्हातारी झाली असती, मग ती परत करून तू काय त्यांची आरती करणार होतास? म्हणून वरच्या शेतात दाट लावायला लावली. बाबा पुराच्या वर्षी हेच करायचे. मुळं धरली की एकेका रोपाला मूठ मूठ फुटवे येतात. तुमचं पाणी उतरलं की प्रत्येक मूठ उपटून फोडायची. अर्धे फुटवे आमच्या शेतात राहतील, अर्धे तुझ्या होडीत. दोन्ही गावांना पुरून उरतील. लावलेलं रोप कुणी उपटून देत नाही, हे खरं. पण दोनदा लावायचं असेल तर देतात.

आता तू विचारशील, हे आधी का नाही सांगितलं. कारण तुझे जामाईबाबू समजतात की ते चोरी करतायत. समजू दे. भोंबल, मदत म्हटली की माणूस आधी चिलीम पेटवतो, मग हवामानाबद्दल बोलतो, मग म्हणतो उद्या बघू. चोरी म्हटली की पहाटे उठतो. त्या दिवशी सूर्य वर यायच्या आत अर्धं शेत लावून झालं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांची एवढी चपळाई मी दोनदाच पाहिली. पहिल्यांदा घराला आग लागली होती.

अजून तण काढायचंय, बदकं हाकायचीत, बांध राखायचाय. ते सगळं करून घ्यायचं असेल तर तू रागावलेला राहा. चांगलं झणझणीत लिही. जे करायला हवं ते करू नका म्हणून लिही. तुझा राग वाचून दाखवायला मला आवडतो.

पोह्यांबरोबर गूळ मिळावा म्हणून बिभाला वेगळी चिठ्ठी दिली आहे. तिला सगळं सांगितलंय. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

दीदी


कलमीडांगा
२५ भाद्र

रसमय बेपारी,

ह्या पत्राला नमस्कार नाही.

तुमच्या शेतात उभे आहे ते आमचे धन आहे, आणि त्याची वाढ व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. तुम्ही त्यातले तण काढता असे कांगालीकडून कळले. खबरदार. त्या रोपांच्या मुळाशी हात घालण्याचा तुम्हाला अधिकार नाही. विशेषतः पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे लव्हाळा फार माजला आहे असे ऐकतो, तिथला एकही लव्हाळा उपटाल तर याद राखा.

बदके हाकलू नयेत. बदकांनी रोपे खावीत आणि तुम्हाला धडा मिळावा, अशी कलमीडांग्याची एकमुखी इच्छा आहे.

दक्षिणेचा बांध फुटण्याच्या बेतात आहे म्हणे. तो बुजवण्याइतका कर्तबगार माणूस तुमच्या गावात नाही हे सर्वश्रुत आहे, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही.

येत्या पौर्णिमेपर्यंत हे शेत ओसाड पडलेले मला कळावे.

निशिकांत हालदार, काव्यतीर्थ
अध्यक्ष, पूर-सज्जता समिती


सोनाकाठी
३० भाद्र

काव्यतीर्थ,

तुझं पत्र शेडमध्ये वाचलं. काय लिहितोस. तरुण पोरं पेटून उठली. दुसऱ्या दिवशी पूर्वेचा कोपरा हाताच्या तळव्यासारखा साफ. लव्हाळ्याचा ढीग कांगालीच्या होडीत टाकून तुला पाठवणार होतो, पण तो भाडं मागायला लागला.

बांध बुजवला. बांबू ठोकून, माती भरून, वर गवत लावून. सोनाकाठीत माणूस नाही म्हणतोस? अश्विनीकाका स्वतः खुर्ची टाकून बसला होता, कुणी थकला की तुझं ते वाक्य मोठ्याने म्हणायचा. बदकांसाठी शेताभोवती जाळं लावलं, आणि जाळ्याला गाठी मारल्यात. मी स्वतः. बांबूला बांधल्यात, एकमेकांना नव्हे. कायदा बघून घे.

आता खरं सांगतो. रोपं अशी उठली आहेत की बघत राहावं. रोज सकाळी जातो. वारा आला की सगळं शेत एकदम झुकतं आणि एकदम उभं राहतं. पन्नाशीपर्यंत मी लाकूड तासत आलो. लाकडाला काही केलं तरी ते वाढत नाही, कमीच होतं. हे वाढतं. काल तिथेच बसून जेवलो. आजही.

तेव्हा ऐकून ठेव. ह्यातली एक काडी मी देणार नाही. तुला नाही, कायद्याला नाही, तुझ्या दीदीच्या सात पिढ्यांना नाही.

रसमय

मी फक्त लिहून घेतलं, भोंबल. – दीदी


कलमीडांगा
९ आश्विन

श्रीचरणेषु जामाईबाबू,

आमचे पाणी उतरले. हरेनची काठी आज चिखलात उभी राहिली. बैल काल जुंपले.

तुमचे मागचे पत्र मी इथे कुणाला दाखवले नाही. त्यातली शेवटची ओळ दीदीने हसत लिहिली की घाबरत, हे अक्षरावरून कळेना. मला वाटले होते हा खेळ आहे. तुम्ही शेतात बसून जेवता असे वाचले आणि वाटले, आता खेळ राहिला नाही.

म्हणून वाद सोडतो. वाफे बांधलेले नव्हते. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नदीने आणले ते तुमच्या घाटाचे, तुम्ही लावले ते तुमच्या शेताचे, राखले तुम्ही. माझ्याकडे युक्तिवाद उरलेला नाही. होता तो गावाने आधीच ऐकून सोडून दिला आहे.

आता अध्यक्ष म्हणून लिहीत नाही. तुमचा धाकटा मेहुणा म्हणून मागतो. रोपे द्या. आठवड्याच्या आत लावली तर पोटरीवर येऊन दाणा धरतील, नंतर थंडी लागली तर नुसता पेंढा. गावातल्या होड्या रिकाम्या उभ्या आहेत. तुम्ही हो म्हणालात तर उद्याच निघतो. नाही म्हणालात तरी येईन, पण एकटा, आणि नुसते शेत बघून जाईन.

निशिकांत


काळीगंगेवर, होडीत
१० आश्विन

पंडित,

हे मी माझ्या हाताने लिहितोय. चष्मा नाही, होडी हलतेय, ओळी वरखाली जातील. कनक पुढच्या होडीत आहे. कांगालीला वल्ही दुसऱ्याकडे देऊन लहान डोंगीने पुढे पिटाळतोय, म्हणजे आमच्या आधी हे तुला मिळेल.

तुम्हा बहीणभावांना एक गोष्ट कधी सुचली नाही. कांगालीला वाचता येतं. तुझ्या दीदीचं बावीस तारखेचं पत्र त्याने आधी मला वाचून दाखवलं, मग चिकटवून तुला दिलं. आग लागली होती तेव्हाचं तिने लिहिलंय ते खोटं आहे. त्या दिवशी मी घरात नव्हतोच.

पण बाई म्हणते ते बरोबर होतं. फक्त तिला वाटलं, चोरी म्हटली की पहाटे उठणारा मी एकटाच. सगळं गाव तसंच आहे. मदतीला माणसं बोलावली तर चहा पाजावा लागतो, दुपारचं जेवण घालावं लागतं, आणि वर प्रत्येकाचं मत ऐकावं लागतं. चोरीला आलेली माणसं आपापला डबा आणतात आणि तोंड बंद ठेवतात. म्हणून मीही गावाला काही सांगितलं नाही. तुझ्या शिव्या वाचायच्या, की दुसऱ्या दिवशी काम तयार. काडी देणार नाही असं मी लिहिलं ते पण शेडमध्ये सगळ्यांच्या समोर, मोठ्याने. नाही तर शेवटच्या आठवड्यात राखणीला कोण बसलं असतं?

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. ते मी वाचायला लावलं नाही. नुसतं सांगितलं, पंडिताने हार मानली, रोपं मागतोय. शेडमध्ये अश्विनीकाका म्हणाला, "आश्विनात रोप मागितलं तर नाही म्हणता येत नाही. मागायला एवढे दिवस का लावले त्याने?" पहाटेच सगळे शेतात. कुणालाही उठवायला गेलो नव्हतो.

शेतात बसून जेवण्याचं मात्र खरं होतं. मुठी फोडताना पहिली मूठ मी फोडली नाही, कनकला दिली. नंतर जमलं. अर्धे फुटवे तिथे उभे आहेत, विरळ दिसतात, पण धरतील. अर्धे इथे, सात होड्या भरून, वर ओली गोणपाटं. ऊन चढतंय. गोणपाटांवर पोरं पाणी मारतायत, तरी दुपारनंतर पानं सुकायला लागतील.

तेव्हा भाषण नको, शंख नको, हार नको. बिभाला सांग भात टाक, माणसं पुष्कळ आहेत, आणि भोपळा सोडून काहीही चालेल. आम्ही आलो की घाटावर स्वागताला उभा राहू नकोस. चिखलात उभा राहा.

रसमय